झेडएफएसच्या घटनांची नोंद कुठे बघायची?

स्टोरेज सर्व्हरवर झेडएफएस असेल, तर 'झेडपूल स्टेटस' तुम्ही बघतच असाल. पण त्यात दिसते ती मुख्यतः आत्ताची स्थिती. चेकसमची चूक नेमकी कधी आली, डिस्क कधी गळाली, हे क्रमाने बघायला 'झेडपूल इव्हेंट्स' ही कमांड आहे. तिला '-व्ही' जोडलं की कोणता पूल, कोणती डिस्क, सगळा तपशील मिळतो. फार कमी लोक ती वापरतात, याचं वाईट वाटतं.

मात्र ही यादी मेमरीत असते. रीबूट केलं की गेली! 'झेडपूल हिस्टरी' पूलवरच टिकते, पण तिच्यात मुख्यतः आपण दिलेल्या कमांड असतात.

म्हणून झेडईडी हा डीमन चालू हवाच. तो घटना सिसलॉगमध्ये लिहितो आणि मेलही पाठवतो. 'झेड.आरसी' फाइलमध्ये आपला ईमेल पत्ता टाका, आणि व्हर्बोजचा पर्याय 1 करा. मग स्क्रब सुखरूप संपला तरी मेल येतो. डेबियन आणि उबुंटूवर स्क्रब महिन्यातून एकदा आपोआप होतो. एखाद्या महिन्यात मेल आला नाही, तर आधी मेलची व्यवस्था तपासा.