पडदा मोठा, चेहरा पुसट : एचडी दूरदर्शन संच आणि डिस्कवरील चित्र

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एका तुकडीने वसतिगृहाच्या सभागृहासाठी ४३ इंची एचडी दूरदर्शन संच आणि त्यासोबत डिस्क प्लेअर भेट दिला. त्या सायंकाळी सर्वप्रथम लावली गेली ती १९९६ सालच्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची डिस्क. आपल्या शाळेचे पहिले मुख्याध्यापक, ज्यांना आपण सारे ‘मोठे सर’ म्हणत असू, त्या कार्यक्रमात वीसेक मिनिटे बोलले होते. आज ते हयात नाहीत आणि त्यांचे बोलतानाचे दुसरे चित्रण संस्थेच्या संग्रही नाही. साहजिकच सभागृहात शांतता पसरली. थोड्याच वेळात पुढे सतरंजीवर बसलेली मुले म्हणू लागली, “सर, चेहरा दिसतच नाही, नुसते चौकोन दिसतात.” मागे दाराशी उभ्या असलेल्या स्वयंपाकघरातील मावशी मात्र म्हणाल्या, “दिसतात की चांगले! हात वर करून बोलायची सवय अगदी तीच.”

त्यानंतर निदाने सुरू झाली. कोणी म्हणाले संच सदोष आहे, कोणी म्हणाले प्लेअर हलका आहे, तर एका उत्साही माजी विद्यार्थ्याने ‘फोर-के’ संचासाठी तिथल्या तिथे वर्गणीची यादी सुरू केली. ही तिन्ही निदाने चुकीची होती. विशेष म्हणजे पुढची मुले आणि मागच्या मावशी परस्परविरोधी बोलत असूनही दोघांचेही म्हणणे खरे होते. हे असे का घडले, याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू लेखाच्या अखेरीस सांगेन.

चित्र किती बिंदूंचे?

पडद्यावरील चित्र हे बारीक चित्रबिंदूंचे, म्हणजेच पिक्सेलचे बनलेले असते. रांगोळीत ठिपके जितके अधिक, तितकी नक्षी नाजूक काढता येते, तसेच येथेही आहे. भारतात १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, तेव्हा आपण पाल ही पद्धती स्वीकारली. तिच्यात ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा रेखाटले जाते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष चित्राच्या रेषा ५७६ असतात. पुढे आलेल्या डिस्क याच मापावर बेतलेल्या होत्या.

व्हीसीडीवरील चित्र ३५२ × २८८ म्हणजे १,०१,३७६ बिंदूंचे असते. १९९६ साली प्रथम जपानमध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीवर आपल्या पद्धतीनुसार ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. ज्याला पूर्ण एचडी म्हणतात, त्या १९२० × १०८० च्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. हे डीव्हीडीच्या बरोबर पाचपट आणि व्हीसीडीच्या सुमारे वीसपट झाले. फोर-के संचात ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. ‘एचडी रेडी’ या नावाने विकले गेलेले बरेच संच मात्र १३६६ × ७६८ बिंदूंचेच होते, हे खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

संचावर ‘१०८० आय’ आणि ‘१०८० पी’ अशी अक्षरे आढळतात. ‘आय’ म्हणजे एका खेपेस विषम क्रमांकाच्या रेषा आणि दुसऱ्या खेपेस सम क्रमांकाच्या रेषा दाखविण्याची पद्धत, तर ‘पी’ म्हणजे सर्व रेषा एकाच वेळी दाखविण्याची पद्धत. अनेक एचडी वाहिन्या पहिल्या पद्धतीने प्रक्षेपण करतात. ब्ल्यू-रे डिस्कवरील चित्रपट सामान्यतः दुसऱ्या पद्धतीने, सेकंदाला २४ चित्रांनी नोंदविलेले असतात.

केवळ बिंदूंच्या संख्येवर चित्राचा दर्जा ठरत नाही. प्रत्येक सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती राखून ठेवली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. व्हीसीडीवर चित्रासाठी सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट, डीव्हीडीवर जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट आणि ब्ल्यू-रेवर ४० मेगाबिटपर्यंत माहिती मावते. या फरकाचे मूळ प्रकाशात आहे. सीडी वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या तांबड्या लेसरची ६५० आणि ब्ल्यू-रेच्या निळसर जांभळ्या लेसरची ४०५ नॅनोमीटर असते. तरंगलांबी जितकी कमी, तितके डिस्कवरील खळगे बारीक करता येतात. म्हणूनच तेवढ्याच आकाराच्या तबकडीच्या एका थरावर डीव्हीडीत ४.७ आणि ब्ल्यू-रेत २५ गिगाबाइट माहिती बसते. माहिती अपुरी पडली की चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. मुलांनी पाहिलेले चौकोन हेच होते.

संच काय करतो आणि काय करू शकत नाही

एचडी संचाच्या पडद्यावरील बिंदू कायमचे ठरलेले असतात. त्यामुळे एक लाख बिंदूंचे चित्र आले तरी त्याला ते वीस लाख बिंदूंवर पसरावेच लागते. मधल्या बिंदूंचा रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरला जातो. प्लेअरच्या खोक्यावर ‘१०८० पी अपस्केलिंग’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच. हा अंदाज चांगल्या प्लेअरमध्ये अधिक कुशलतेने केला जातो आणि त्याने डीव्हीडीचे चित्र सुसह्य होते. तथापि नोंदविलाच न गेलेला तपशील त्यातून निर्माण होत नाही. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुसट चेहरे रेखीव करून मिळतात. तो चेहरा शोभिवंत असेल, पण ती यंत्राने इतर असंख्य चेहऱ्यांवरून केलेली कल्पना असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्याला पुरावा मानणार नाही.

आता मावशी आणि मुले यांच्याकडे वळू. सामान्य निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखता येतो. ४३ इंची संचाच्या पडद्याची उंची सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटर असते. हिशेब केला तर अशा पडद्यावर पूर्ण एचडीचा सारा तपशील जेमतेम साडेपाच फुटांपर्यंतच टिपता येतो. डीव्हीडीच्या ५७६ रेषांसाठी ही मर्यादा सुमारे साडेदहा फूट, तर व्हीसीडीच्या २८८ रेषांसाठी सुमारे एकवीस फूट येते. आपले सभागृह पंचवीस फूट लांब आहे. सहा-सात फुटांवर बसलेल्या मुलांना व्हीसीडीचे दोष स्पष्ट दिसले, आणि दाराशी उभ्या असलेल्या मावशींच्या डोळ्यांना ते दिसणे शक्यच नव्हते. पूर्वीच्या २१ इंची संचावर हीच डिस्क आपल्याला बरी वाटत असे, याचेही कारण तेच. त्या लहान पडद्यावर बारा फुटांच्या पलीकडे तिचे दोष लपून जात. नव्या संचाने दोष निर्माण केला नाही, असलेला दोष फक्त उघड केला.

याच हिशेबाने फोर-के संचाचा प्रश्नही सुटतो. ४३ इंची फोर-के पडद्याचा संपूर्ण तपशील पाहायचा तर पडद्यापासून पावणेतीन फुटांवर बसावे लागेल. सभागृहात शंभर मुले तशी बसू शकत नाहीत. आपल्याला पुढे कधी संच बदलायचाच असेल, तर बिंदू वाढविण्यापेक्षा पडद्याचा आकार वाढविणे हिताचे ठरेल. तूर्त ती वर्गणी ग्रंथालयाकडे वळवावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

विनाखर्चाच्या दोन सुधारणा मात्र आम्ही लगेच केल्या. प्लेअर पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीने जोडलेला होता. तिच्यातील पिवळ्या पिनेतून चित्राची उजेड-छाया आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि तिच्यातून एचडी चित्र जाऊच शकत नाही. प्लेअरसोबत आलेली एचडीएमआय वायर खोक्यातच पडून होती, ती जोडली. जुने चित्रण ४ : ३ आकाराचे असून ते १६ : ९ च्या पडद्यावर ताणून दाखविले जात होते, म्हणून सर्वांचे चेहरे रुंद दिसत होते. संचाच्या मांडणीत तो ताण काढून टाकला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, पण माणसे पूर्ववत झाली. घरोघरी पालकांनीही एवढे जरूर पाहावे. ‘शार्पनेस’ अवाजवी वाढवू नये, कारण त्याने तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटतात.

मूळ प्रत

येथवर वाचून कोणी विचारील की, मग १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’ ब्ल्यू-रेवर इतका लख्ख कसा दिसतो? कारण तो फिल्मवर चित्रित झाला होता, आणि चांगल्या फिल्मच्या निगेटिव्हमध्ये एचडीपेक्षाही अधिक तपशील साठलेला असू शकतो. त्याच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत भाजल्या. तरीही वाचलेला भाग जपून ठेवला गेला, त्याला अन्य प्रतींची जोड दिली गेली आणि २०१५ मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत जगापुढे आली. आगीत सापडलेली मूळ प्रतसुद्धा कोणी टाकून दिली नाही, म्हणून हे शक्य झाले.

आपल्या १९९६ च्या चित्रणाची मूळ प्रत व्हीएचएस कॅसेट होती. फिल्मच्या तुलनेत व्हीएचएस फार उणी, तरी त्या कॅसेटवर ५७६ रेषांचे चित्र होते आणि सेकंदाला पन्नास अर्धचित्रे होती. व्हीसीडी करताना निम्म्या रेषा आणि निम्मी अर्धचित्रे गळून गेली. उरलेल्या माहितीवर कठोर काटछाट झाली. आज ती कॅसेट हाती असती, तर सरांचा चेहरा पुष्कळ अधिक ओळखू आला असता.

ती कॅसेट नाही, आणि त्याला मी स्वतः जबाबदार आहे. २००३ साली दृक्श्राव्य साहित्याचे काम माझ्याकडे होते. व्हीसीडी तयार झाल्यावर चित्रण सुरक्षित झाले असे मी समजलो आणि कोऱ्या कॅसेटचा खर्च वाचविण्यासाठी त्याच कॅसेटवर त्या वर्षीचे स्नेहसंमेलन मुद्रित करविले. अस्सल कागद आणि नक्कल यांतील भेद वर्गात मुलांना शिकविणाऱ्या माणसाच्या हातून हे घडले. त्या मेळाव्याच्या रात्री ही गोष्ट सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, ती येथे लिहून ठेवतो.

लेखाचा दुसरा हेतू असा की, त्या कार्यक्रमाच्या कॅसेटच्या काही प्रती तेव्हा विद्यार्थ्यांच्या पालकांनी स्वखर्चाने करून नेल्या होत्या. एखाद्या घरी माळ्यावर, ट्रंकेत वा कपाटात ती कॅसेट असेल, तर कृपया पुढील काळजी घ्यावी. कॅसेटच्या कडेला असलेली प्लॅस्टिकची लहान पट्टी तोडून टाकावी, म्हणजे तिच्यावर चुकूनही पुन्हा मुद्रण होणार नाही. आत पांढरी बुरशी दिसत असल्यास ती कोणत्याही यंत्रात घालू नये, बुरशी फितीबरोबर यंत्रही खराब करते. ती कोरड्या, थंड जागी उभी ठेवावी. डिजिटल प्रत करून घेताना एका डीव्हीडीवर सहा तास बसविण्याचा मोह टाळावा. पूर्ण रेषा आणि पन्नास अर्धचित्रे राखून, भरपूर माहितीसह प्रत करण्यास सांगावे. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात, कारण घरी मुद्रित केलेल्या डिस्कमधील रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने विटते. आणि हे सारे झाल्यावरही मूळ कॅसेट टाकू नये.

घाई करण्याचे कारणही आहे. व्हीएचएस यंत्रे बनविणारी जपानमधील फुनाई ही शेवटची ज्ञात कंपनी, तिनेही २०१६ साली उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. शाळेच्या कार्यालयात एक यंत्र दुरुस्त करून ठेवले आहे. आपण कॅसेट घेऊन या, आपल्यासमोर प्रत करून मूळ कॅसेट त्याच दिवशी आपल्या हाती परत दिली जाईल.