मीठ, रक्तदाब आणि आपली तरुण पिढी

१९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कारखान्याच्या आधाराने गोविंदपुरा परिसरात वसाहती, उद्योग व बाजारपेठ वाढत गेली. आज अनेक दुकानांतून पुढील पिढी गल्ल्यावर बसू लागली आहे. सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी डब्यासोबत लोणचे व पापड, सायंकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत पुन्हा मूठभर फरसाण, आणि दिवसभर बैठक, असा या तरुणांचा क्रम असतो. त्यांच्या आरोग्याशी निगडित असलेल्या एका साध्या पदार्थाचा, म्हणजे मिठाचा, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मिठाचा सुमारे चाळीस टक्के भाग सोडियम असतो. शरीराला सोडियम आवश्यकच आहे. परंतु ते गरजेपेक्षा अधिक झाले म्हणजे मूत्रपिंडांना सर्व बाहेर टाकणे साधत नाही. मग त्याच्याबरोबर पाणीही शरीरात राहते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील दाब चढतो. हा दाब वर्षानुवर्षे राहिला तर भिंती कठीण होतात, हृदयाला अधिक श्रम पडतात, आणि मेंदू व मूत्रपिंडे यांनाही इजा पोहोचते.

रक्तदाब हा म्हातारपणाचा विकार, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. अमेरिकेत १९८५-८६ साली अठरा ते तीस वर्षांच्या ५,११५ स्त्री-पुरुषांची दीर्घ पाहणी सुरू झाली. चाळिशीपूर्वीच ज्यांचा दाब चढला, त्यांना पुढे हृदयविकार व पक्षाघात अधिक प्रमाणात झाले, असे तीतून दिसून आले. तारुण्यात हा विकार बहुधा कोणतेच दुखणे देत नाही. खतावणीत न दिसणारे कर्ज ज्याप्रमाणे व्याजासह वाढत राहते, तद्वत् तो वाढतो.

मीठ कमी केल्याने खरोखर लाभ होतो काय? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ४१२ व्यक्तींना मिठाचे तीन निरनिराळे प्रमाण असलेला आहार देण्यात आला. मीठ जसजसे घटले तसतसा दाब उतरला. ज्यांचा दाब अद्याप विकाराच्या मर्यादेपर्यंत पोहोचला नव्हता त्यांच्यातही हा परिणाम दिसला. अर्थात मीठ हेच एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, स्थूलपणा, तंबाखू, मद्य व व्यायामाचा अभाव हीही कारणे आहेत. परंतु मिठावर ताबा ठेवणे प्रत्येक घराच्या हाती आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ घ्यावे. आपल्या देशातील निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण आठ ते अकरा ग्रॅमच्या घरात आढळले आहे. व्यापाऱ्याला हिशेब सांगावयास नको: पाच प्रौढांच्या कुटुंबाला सर्व पदार्थ मिळून महिन्याला पाऊण किलो मीठ ही वरची मर्यादा होय. बाहेरून येणारे फरसाण, लोणची व पापड यांतील मीठही याच हिशेबात धरले पाहिजे. वेष्टनावर सोडियमचा आकडा दिलेला असल्यास त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मिठाचे प्रमाण कळते.

आपल्या घरांत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष हवे. अष्टमी-चतुर्दशीस व चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य असली म्हणजे पानात पापड व लोणची वाढतात. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. दुसरे असे की, सैंधव मीठ निरुपद्रवी मानले जाते. वस्तुतः तेही मुख्यत्वे तेच मीठ होय आणि त्यात आयोडीन सहसा मिसळलेले नसते. म्हणून नित्याच्या वापरात आयोडीनयुक्त मीठच असावे, मात्र अल्प प्रमाणात.

या बाबतीत आपली परंपरा आपल्याला साहाय्यकच आहे. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा बाह्य तपांत रसपरित्याग आहे आणि दिगंबर परंपरेत दूध, दही, घी, तेल व गूळ यांच्याबरोबर मीठही त्या रसांत गणले जाते. आयंबिल करणारे पुष्कळ तपस्वी मीठही सोडतात. तपाचा हेतू देहारोग्य नव्हे, आत्मशुद्धी आहे, हे खरे. तथापि अळणी अन्नाने माणसाचे अडत नाही हा अनुभव आपल्या घरांत आहे. मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जीभही त्याला सरावते. लिंबू, जिरे, हिंग, आमचूर व कोथिंबीर यांनी रुचीची उणीव भरून काढता येते.

काही सावधगिरीही सांगितली पाहिजे. पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ बाजारात मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते वैद्यांना विचारूनच वापरावे. जुलाब-वांत्या झाल्या असता मीठ-साखरेचे पाणी टाळू नये. चालू असलेले औषध मीठ कमी केले म्हणून आपण होऊन बंद करू नये.

अठरा वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. तत्पूर्वी पाच मिनिटे शांत बसावे आणि अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी. दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार आढळल्यास डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कित्येक बांधव फरसाण, पापड व लोणचीच विकतात. त्यांनी आपल्या मालात मीठ थोडे थोडे घटवून पाहावे. गिऱ्हाईक तुटणार नाही, आणि त्याचे आयुष्य वाढण्यास हातभार लागेल. दिवाळीला आपण वहीपूजन करून गतवर्षाचा ताळेबंद मांडतो. त्याच दिवशी घरातील प्रत्येकाच्या रक्तदाबाचा आकडाही एका पानावर लिहून ठेवावा. पेढी पुढे चालविणारी मुले निरोगी असणे, याहून मोठी शिल्लक कोणती?