नाणी : छंद की ठेव?

आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे. नाणे जितके जुने, तितके ते मोलाचे! माळ्यावरच्या डब्यात एखादा राणीछाप रुपया सापडला, की घरात कुजबूज सुरू होते आणि कोणीतरी तो खिशात घालून जळगावच्या सराफ बाजाराची वाट धरतो. सराफ रुपया तराजूत टाकतो, चांदीचा भाव सांगतो आणि मंडळी हिरमुसली होऊन परततात. यात सराफाची लबाडी असतेच असे नव्हे. तो धातू विकत घेतो. इतिहास विकत घेणे हा त्याचा धंदा नव्हे.

मग नाण्याची किंमत ठरते कशी? दोन रुपये शेजारी ठेवून पाहू. एक १८६२ सालचा, दुसरा १९३९ सालचा. वजन दोघांचे सारखेच, एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. चांदीही सारखीच, शंभरात जवळजवळ ९२ भाग. परंतु १८६२ हे साल घातलेले रुपये टांकसाळीत पुढे १८७४ पर्यंत पडत राहिले, म्हणून ते आजही विपुल मिळतात. १९३९ चा रुपया मात्र फारच थोडा बाहेर आला. तेव्हा ७७ वर्षांनी धाकटा असूनही भाव खातो तो हाच. वय नव्हे, दुर्मिळता महत्त्वाची. त्यातही नाणे झिजलेले असेल तर किंमत उतरते. दागिना करण्यासाठी त्याला कडी झाळली असेल, तर संग्राहक ते बाजूला सारतो. चिंच लावून लखलखीत केलेली शिवराई आपल्याला सुंदर दिसते, पण जाणत्याच्या लेखी तिची कातडीच सोललेली असते.

आता ठेव म्हणून नाणी घ्यावीत काय? सोन्याला रोजचा भाव आहे, तो वर्तमानपत्रात छापून येतो. नाण्याला तसा भाव नाही. ते हवे असणारा माणूस भेटेल तेव्हाच ते विकले जाणार. व्यापाऱ्याचा घेण्याचा दर एक आणि देण्याचा दुसरा. मधले अंतर भरून निघण्यासच वर्षे लागतात. शिवाय किमतीपाठोपाठ नक्कल येते. १९३८ मधील ८ चा ९ करणारे कारागीर आहेत. रामदरबाराचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले तांब्याचे तुकडे तर नाणी नव्हतच. कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत. तरी त्यांसाठी कष्टाचा पैसा मोजणारे लोक आहेत. ‘जुने नाणे पाठवा, लाखो रुपये मिळवा, आधी फक्त शुल्क भरा’ असा निरोप आला, तर समजावे की हा सापळा आहे. रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना तसे सावध केले आहे. कापसाचे पैसे हाती आले म्हणून मुलीच्या लग्नाची पुंजी नाण्यांत घालू नये, एवढे मी स्पष्ट सांगेन.

छंदाचे मात्र निराळे. त्याला भांडवल लागते ते कुतूहलाचे! आणि आपल्या खानदेशात त्याला खाद्य पुष्कळ. थाळनेरला ज्यांची पहिली राजधानी होती, त्या फारुकी राजांची नाणी अगदी विरळा. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला, त्या विजयाची सोन्याची मोहर निघाली आणि तिच्यावर ससाणा कोरला गेला. बुऱ्हाणपूरला मोगलांची टांकसाळ होती. चांदवडचा चांदोरी रुपया एके काळी सर्वत्र चालत असे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली शिवराई विद्यार्थ्यालाही परवडते. तिच्या अक्षरांची वळणे जुळवीत बसण्यात संध्याकाळ कशी जाते, कळत नाही.

एका गोष्टीची आठवण ठेवावी. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची. पण त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. पराभूताच्या नाण्यावर विजेत्याची मोहोर! ती सारी मुशीत गेली असती, तर चांदी तेवढी उरली असती; हा पुरावा नाहीसा झाला असता.

म्हणूनच शेतात नांगराला हंडा लागला, तर तो गुपचूप वितळवू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपविणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाहीत, असे १९७२ चा कायदा सांगतो.

तेव्हा आजीच्या गाठोड्यातला रुपया सराफाकडे नेण्यापूर्वी आधी भिंगाखाली धरा. त्याचे साल वाचा, राजा ओळखा, टांकसाळीची खूण शोधा. कोणाकडून, कोठे मिळाला, हे चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबत ठेवा. पुढे किंमत आली तर उत्तमच. न आली तरी घरातल्या पोराला इतिहासाचे एक पान हाताळायला मिळेल. हे व्याज काही लहान नव्हे.