आधींच ठाऊक असलेला अपराधी

गुन्ह्याच्या कथेंत अपराधी कोण, हें शेवटपर्यंत गुप्त ठेवावें असा सर्वसाधारण प्रघात आहे. ‘कोलंबो’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेनें तो मोडला. तिचा ‘मर्डर बाय द बुक’ हा भाग आम्हीं नुकताच पाहिला. १९७१ च्या सप्टेंबरांत तो प्रथम दाखविला गेला. पुढें जगद्विख्यात झालेले स्टीव्हन स्पीलबर्ग हे त्याचे दिग्दर्शक; त्या वेळीं त्यांची पंचविशीही उलटली नव्हती.

केन फ्रँकलिन व जिम फेरिस हे जोडीनें रहस्यकथा प्रसिद्ध करणारे ग्रंथकार. लिहिण्याचें काम सर्वस्वीं फेरिसचें. फ्रँकलिन चारचौघांत मिरवणारा व निम्म्या कीर्तीचा धनी. फेरिस वेगळा होऊं म्हणतो, तेव्हां फ्रँकलिन त्यास तळ्याकाठच्या आपल्या बंगलीवर नेतो, ‘कचेरींत काम करीत बसलों आहें’ असें त्याच्याकडून पत्नीस दूरध्वनीवर सांगवितो, आणि बोलणें चालू असतांच त्यास गोळी घालतो. खून कचेरींत झाला, अशी त्या बिचारीची समजूत होते. प्रेक्षकास मात्र सारें ठाऊक!

मग पाहावयाचें उरलें काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें खरें पाहणें येथूनच सुरू होतें. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांत वसंतसेनेचा गळा शकार आवळतो, हें आठव्या अंकांतच आपणांस कळतें. म्हणून नवव्या अंकांत निरपराध चारुदत्त न्यायासनापुढें उभा राहतो, तेव्हां ‘कोणी केलें’ हा प्रश्न मनांत नसतो. असत्य सत्याचें सोंग कसें घेतें, इकडेच लक्ष लागतें. चुरगळलेल्या कोटांतील कोलंबोपुढें फ्रँकलिनचें गोड बोलणें ऐकतांना आम्हांस तेंच जाणवलें.

तळ्याजवळच्या एका दुकानदारिणीनें फेरिसला मोटारींत पाहिलेलें असतें. ती पैसे मागते. फ्रँकलिन तिलाही ठार करून बुडाल्याचा देखावा रचतो. पहिला खून रेखीव, दुसरा ओबडधोबड. दोन्ही एकाच डोक्यांतून निघाले कसे, ही शंका कोलंबोस येते. फेरिसच्या टिपणांत पहिल्या खुनाची युक्ति कथाबीज म्हणून लिहिलेली सांपडते. ती कल्पना मूळची आपलीच, आपणांस सुचलेली एकमेव चांगली कल्पना, असें फ्रँकलिन अखेर सांगतो. दुसऱ्याच्या श्रमांवर जगणाऱ्यास जन्मांत एकदांच प्रतिभेचा स्पर्श व्हावा, आणि ती त्यानें आपल्या पोशिंद्यावरच शस्त्रासारखी चालवावी, याहून दारुण दारिद्र्य तें कोणतें?

एक सल मात्र राहिला. वसंतसेनेसाठीं प्रेक्षक कासावीस होतो. ही एकाकी दुकानदारीण तपासाचा एक दुवा होऊन विसरली जाते. अपराध्याच्या चातुर्याचें कौतुक करतांना आपणही तिला विसरतों. घरांतील मुलांबाळांसह असे खेळ पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं शेवटीं एवढेंच विचारावें : ‘त्या बाईचें नांव कोणाच्या लक्षांत आहे काय?’