कुंडीतली बाग – भाग ११ : पिवळं पडलंय ते पान कोणतं?

मागच्या भागात कुंडी भरून झाली. त्या कुंडीतलं लिंबू किंवा कढीपत्ता काही महिन्यांनी पिवळा पडायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला की अर्ध्या तासात सल्ल्यांची रांग लागते: केळीच्या सालींचं पाणी, तांदळाचं धुवण, एप्सम सॉल्ट, चमचाभर डीएपी, गंजके खिळे. पिवळं पडलेलं पान जुनं आहे की नवं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. निदानाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशिअम झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. टंचाई आली की झाड खालच्या जून पानांतला साठा उपसून शेंड्याला पोचवतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढत जातो. लोह, कॅल्शिअम, बोरॉन यांचं तसं नाही. ती एकदा पानात बसली की तिथून हलत नाहीत, आणि जस्तही फारसं हलत नाही. त्यामुळे यांची टंचाई थेट नव्या पालवीवर दिसते, आणि त्या वेळी खालची पानं छान हिरवीगार असतात.

आधी जून पानं बघू. अख्खं पान एकसारखं फिकट होत पिवळं पडलं, तर नत्र कमी आहे. कडा तपकिरी होऊन करपल्या, तर पालाशाचा संशय घ्यावा. मॅग्नेशिअमची खूण लिंबावर फार सुरेख दिसते. पान पिवळं होतं, पण देठाजवळ हिरव्या रंगाचा एक त्रिकोण शिल्लक राहतो, टोक पानाच्या शेंड्याकडे. हा त्रिकोण दिसला तरच एप्सम सॉल्टचा डबा उघडावा. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशिअमचा एक अणू असतो हे खरं, पण म्हणून प्रत्येक पिवळ्या पानाला तेच हवं असतं असं नाही. पालाशयुक्त खताचा मारा झाल्यावर मुळांना मॅग्नेशिअम नीट उचलता येत नाही. अशा वेळी टंचाई खतानेच ओढवलेली असते.

खालची पानं पिवळी पडण्याचं कुंडीतलं सर्वांत नेहमीचं कारण मात्र खताशी संबंधित नसतंच. ते असतं पाणी. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. वरची माती कोरडी आणि आत चिखल असेल, तर झाड अलगद कुंडीबाहेर काढा. मुळं पांढरी, ताठ असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत असतील आणि वास येत असेल, तर ती कुजली आहेत. कुजलेली मुळं भरल्या ताटासमोरही उपाशीच राहणार. अशा झाडाला खत देणं निव्वळ क्रूरपणा आहे.

आता नवी पालवी. पान पिवळंधमक, पण शिरांचं बारीक हिरवं जाळं स्पष्ट दिसतंय, आणि दुखणं वाढलं तर पान जवळपास पांढरंच. ही लोहाची टंचाई. उसावर असं झालं की शेतकरी केवडा पडला म्हणतात. गंमत अशी की मातीत लोह बहुतेक वेळा भरपूर असतं, आपली लाल माती तर लोहामुळेच लाल दिसते. अडचण सामूची असते. सामू एका अंकाने चढला की विरघळलेल्या फेरिक लोहाचं प्रमाण सुमारे हजार पटींनी घटतं. साडेसातच्या वर बरीच झाडं कासावीस होतात, लिंबूवर्गीय त्यांत आघाडीवर. आपल्याकडे चुनखडीयुक्त काळ्या जमिनी आहेत, आणि शहरात उन्हाळा आला की बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. त्यातली बायकार्बोनेटं दर वेळी थोडी थोडी कुंडीत साठतात आणि सामू वर ढकलतात. पावसाळ्यात त्याच झाडाची पालवी आपोआप सुधारली, तर दोष पाण्याचा समजावा. गंजके खिळे इथे निरुपयोगी, कारण गंज म्हणजे न विरघळणारंच लोह. कढीपत्त्याला आंबट ताक घालायची आपल्या घरांतली पद्धत त्या मानाने बरी. त्या आम्लाने काही दिवस तरी फरक पडतो.

खात्री करायची असेल तर १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी केलं तेच करावं: लोहाचं द्रावण पिवळ्या पानांवर लावून बघावं. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल. संध्याकाळी एकाच फांदीच्या पालवीवर फवारा, बाकी झाड तसंच ठेवा. आठ-दहा दिवसांत तेवढीच फांदी हिरवी झाली, तर निदान पक्कं. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घेताना पाकीट वाचा. ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. चुनखडी असलेल्या मातीला ईडीडीएचए प्रकारच लागतो. तो महाग असतो, पण स्वस्तातला कुंडीत वाया जाणार असेल तर तो तरी कशाला घ्यायचा?

पालवी पिवळी आहेच, शिवाय पानं लहान, अरुंद आणि दाटीवाटीने आलेली असतील, तर जस्त कमी. हाडांचा चुरा आणि डीएपी सढळ हाताने घालणाऱ्यांच्या बागेत ही खूण जास्त दिसते, कारण जादा स्फुरद जस्ताची वाट अडवतो.

पानांची टोकं जळालेली आणि मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरी पुटं. हे दिसलं की खत जास्त झालं आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं, आणि एवढ्याशा कुंडीत एक चमचाही पुष्कळ होतो. खत बंद करा. कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओता, खालून वाहून जाऊ द्या, आणि बशीत जमलेलं लगेच फेकून द्या. बशीत राहिलं तर क्षार पुन्हा वर चढतात. त्यानंतर नवी पानं येईपर्यंत खताला हात लावायचा नाही. करपलेली टोकं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती पाहून घाबरू नये.

पिवळेपणा शिरांना धरून नाही, तर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आहेत, असं असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली, तर ते कोळी. मार्च ते मेच्या कोरड्या हवेत गच्चीवर ते हमखास येतात. त्यांच्यावर कुठलंच खत चालत नाही. सलग तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, आणि शेजारच्या कुंड्याही उलटसुलट करून तपासायच्या.