मुळं खालीच जातात, असं नाही

झाडाला पाय नाहीत. ऊन, पाणी, हवा जिकडे असेल तिकडे त्याला वाढूनच पोहोचावं लागतं. पेण-रोह्यात हे पावलोपावली दिसतं, तरी काही गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज : वालाला आलेला मोड म्हणजे कोंब.
वस्तुस्थिती : बिरड्यासाठी फडक्यात बांधलेल्या कडव्या वालातून आधी बाहेर येतं ते मूळ. भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. दाणा आडवा पडो की उलटा, मूळ खालीच वळतं. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते तळाला बसतात आणि मुळाला खालची दिशा कळते.

गैरसमज : उजेड रोपाला आपल्याकडे ओढून घेतो.
वस्तुस्थिती : रोप वाकतं ते सावलीकडच्या बाजूमुळे. ऑक्सिन हे संप्रेरक त्या बाजूला जास्त साचतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा उजेडाकडे झुकतो. उजेड ओळखण्याचं काम टोकाचं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखवून दिलं, की गवताच्या कोवळ्या कोंबाचं टोक झाकलं, तर कोंब वळत नाही.

गैरसमज : अंधारात रोप वाढत नाही.
वस्तुस्थिती : नवरात्रात देव्हाऱ्याच्या काळोखात घटातलं धान आठवडाभरात वीतभर होतं; पिवळं, बारीक, नाजूक. दाण्यातली शिदोरी वापरून ते उजेड गाठायला धडपडत असतं. उजेड मिळाला नाही, तर शिदोरी संपताच ते मरतं.

गैरसमज : मुळं नेहमी खालीच वाढतात.
वस्तुस्थिती : ओहोटीला धरमतरच्या किंवा कुंडलिकेच्या खाडीकाठी जा. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढे खुंट वर आलेले दिसतील. ती मुळंच आहेत. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून ही श्वसनमुळं जमिनीकडे पाठ फिरवून वर येतात आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात.

अनेकांना हे वाळलेले खुंट वाटतात आणि त्यांवर राडारोडा पडतो. फांदीला कुऱ्हाड न लागताही ते तिवर गुदमरून मरतं. तिवर लाटांचा जोर मोडतं, म्हणून खारेपाटातले बांध टिकतात आणि बांधाआडचं भात वाचतं. खाडीकाठी भराव टाकण्याआधी चिखलातले ते खुंट एकदा वाकून नीट बघा. झाड तिथूनच श्वास घेत असतं.