उकिरड्याचे पांग कोण फेडणार?

बदली होऊन नव्या गावी आलेल्या माणसाचे पहिले काही दिवस चौकशा करण्यातच जातात. दूध कोठे मिळते, पाणी किती वाजता येते, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, कामावर जाण्यासाठी बस कोठून सुटते, हे सारे तो शेजाऱ्यांना विचारून घेतो. घरातला केर कोणाकडे व कसा द्यावयाचा, हे मात्र विचारण्याजोगे आहे असे त्याला सहसा वाटत नाही. मलाही वाटले नव्हते.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून मी शिक्षकाच्या नोकरीनिमित्त पुण्यात आलो. सामान उलगडताना साठलेला सारा पसारा पहिल्याच सकाळी एका पिशवीत कोंबला आणि ती पिशवी दाराबाहेर ठेवली. कचरा नेणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पिशवी जिन्यातच उघडली आणि आतला जिन्नस हाताने निवडावयास सुरुवात केली. चहाचा चोथा, भाजीची देठे, वर्तमानपत्रे, दुधाच्या पिशव्या आणि प्रवासात फुटलेल्या एका पेल्याच्या काचा, असा तो सारा काला होता. त्यातली एक काच त्यांच्या बोटात गेली. बोट पदराच्या टोकाने दाबून धरीत त्या म्हणाल्या, "सर, ओलं-सुकं वेगळं ठेवत जा. आन् काच असली तर कागदात गुंडाळून तेवढं सांगत जा." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मी अधिक ओशाळलो. वर्गात मुलांना स्वच्छतेचे धडे देणाऱ्या माणसाला हा साधा धडा जिन्यात उभे राहून घ्यावा लागला.

आमच्या गावी हा प्रश्न कधी पडला नव्हता. गोठ्यामागे उकिरडा होता. शेण, राख, पालापाचोळा, भाकरीचे उरलेसुरले तुकडे आणि भाजीची साले त्यावर पडत आणि उन्हाळा सरता सरता त्याचे खत गाड्या भरभरून शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण अशाच गावात जन्मली. तिच्यात आशा आहे, पण त्या आशेला एक अट होती आणि ती कोणी बोलून दाखविण्याची गरज नव्हती. उकिरड्यावर जे पडे ते मातीला पचण्यासारखे असे. कागद, काच, पत्रा या वस्तू घरात फार नव्हत्या आणि ज्या होत्या त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जात. प्लास्टिक आले, घरोघर साठू लागले, आणि ती अट मोडली. आता मातीत जाणारे आणि कधीच न जाणारे असे दोन्ही आपण एकाच पिशवीत बांधतो आणि पिशवी दृष्टीआड झाली की काम संपले असे समजतो.

पिशवी जाते कोठे?

पुण्यापुरते उत्तर द्यावयाचे तर या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे. एके काळी शहराचा कचरा कोथरूडला टाकला जाई. शहर कोथरूडपर्यंत वाढले, वस्ती झाली, तेव्हा कचरा तेथून हलला. त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्यांचा डेपो उभा आहे. कोथरूडच्या उकिरड्याचे पांग असे फिटले. परंतु ते दुसऱ्याच्या दारात नवा उकिरडा घालून. १९८० च्या दशकापासून शहराच्या गाड्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात रित्या होऊ लागल्या. तेथल्या ग्रामस्थांनी दुर्गंधी सोसली, विहिरींचे पाणी नासताना पाहिले आणि वर्षानुवर्षे आंदोलने केली. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला मोठी आग लागल्यानंतर त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरातल्या रस्त्यांवर ढीग साचू लागले, तेव्हा कोठे अनेक पुणेकरांना आपला कचरा कोणाच्या अंगणात जातो याची आठवण झाली.

अशा ढिगांना आग का लागते, हेही समजून घेतले पाहिजे. ओला कचरा मोकळ्या हवेत कुजला तर त्याचे खत होते. तोच ढिगाखाली, प्लास्टिकच्या थरांत, हवेवाचून कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू ज्वालाग्राही असून वातावरण तापविण्यातही कर्बवायूपेक्षा कित्येक पटींनी प्रखर आहे. शिवाय कुजणाऱ्या कचऱ्यातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरत जाते. म्हणजे खत होण्याची योग्यता असलेली भाजीची साले केवळ चुकीच्या संगतीमुळे विष होतात. पुढे हे जुने ढीग उपसून, यंत्राने चाळून, माती वेगळी आणि प्लास्टिक वेगळे करण्याचे काम शहराला हाती घ्यावे लागले. जे काम स्वयंपाकघरात दोन मिनिटांत झाले असते ते काही दशकांनी, लोकांच्याच पैशाने, यंत्रांकडून करवून घेण्याची ही वेळ आहे.

निवडणारे हात

आणि यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी हे काम माणसांचे हात करीत आले आहेत. कचऱ्याच्या पेट्यांतून कागद, काच, पत्रा वेचून विकणाऱ्यांत बहुतांश दलित समाजातील स्त्रिया. त्यांना लोक चोर समजत, पोलीस हटकत. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यानंतर या स्त्रियांना ओळखपत्रे मिळाली आणि कामगार म्हणून नाव मिळाले. २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम पत्करले. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि वेगळ्या केलेल्या सुक्या मालाची विक्री, यांवर या कामकऱ्यांचे घर चालते.

हे ध्यानात घेतले म्हणजे ओले-सुके वेगळे करण्याचा खरा अर्थ उमगतो. कोरडी रद्दी विकली जाते. आमटी सांडलेल्या रद्दीला भाव नाही. आपण दोन्ही एकत्र केले की तिच्या दिवसाच्या कमाईतले काही आपण हिरावून घेतो आणि वर तिला उष्ट्यात हात घालावयास लावतो. बोटात काच जाते ती वेगळीच.

यात अवघड असे फारसे काही नाही. शिजलेले व कच्चे अन्न, साले, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, निर्माल्यातील फुले हा ओला कचरा. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, पत्रा, काच, कापड हा सुका. दुधाची पिशवी विसळून वाळवावी आणि कापताना तिचा कोपरा पुरता तोडू नये, कारण तो इवलासा तुकडा पुढे कोणाच्याच हाती लागत नाही. डायपर व सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यावेत, म्हणजे ते पुडके उघडण्याची पाळी कोणावर येत नाही. मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या, बल्ब, रंगाचे डबे यांची गाठ वेगळी ठेवावी. कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या नियमांनी कचऱ्याची घरीच तीन भागांत विभागणी करण्याचे बंधन प्रत्येकावर घातले होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांनी सॅनिटरी कचऱ्याचा विभाग स्वतंत्र करून ते भाग चार केले.

एक नेहमीचा आक्षेप

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की आम्ही वेगळे करून देतो, पण पुढे गाडीत सारे एकत्रच पडते. मग आमच्या श्रमांचा उपयोग काय? हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. कित्येक गावांत असे घडते आणि जेथे घडते तेथे नागरिकांनी नगरपालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारण्याचा नैतिक अधिकार वेगळे करून देणाऱ्यालाच पोहोचतो. आपणच काला करून दिला असता गाडीवाल्याने त्यातून काय वेगळे ठेवावे? दुसरा युक्तिवाद कराचा. आम्ही कर भरतो, निवडण्याचे काम त्यांचे, असे म्हणणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. शाळेला फी भरली म्हणून मुलाचा अभ्यासही मास्तरांनीच करावा, असे मात्र त्यांपैकी कोणी म्हणत नाही.

ही कल्पना काही आजची नव्हे. १८८३-८४ च्या सुमारास पॅरिसचे प्रशासक यूजेन पुबेल यांनी घरमालकांना झाकणाच्या पेट्या ठेवण्याचा हुकूम केला. त्यात कुजणारे पदार्थ, कागद व चिंध्या, आणि काच, चिनीमाती व शिंपले यांसाठी वेगवेगळ्या पेट्यांची योजना होती. रस्त्यावरच्या कचऱ्यावर जगणाऱ्या चिंध्या वेचणाऱ्यांनी आपली भाकरी जाते म्हणून ओरड केली. घरमालकांनाही हा खर्च व खटाटोप रुचला नाही. पेटी टिकली, इतकी की फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या पेटीला आजही पुबेलच म्हणतात. निवडण्याची शिस्त मात्र फार काळ तग धरू शकली नाही. आपल्याकडे निदान पुण्यासारख्या शहरात वेचणाऱ्यांची भाकरी व्यवस्थेबाहेर न टाकता तिच्यातच सामावून घेण्याचा प्रयत्न झाला. तो टिकावयाचा की नाही हे बऱ्याच अंशी घरातल्या बादल्यांवर अवलंबून आहे.

म्हणून नव्या गावी गेलेल्या माणसाने दूध-पाण्याच्या चौकशीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कचरा कोण नेते, कोणता भाग कोणत्या दिवशी नेतात, आणि तो शेवटी जातो कोठे. पहिल्या दोहोंची उत्तरे शेजारी देतील. तिसऱ्याचे उत्तर त्यांना ठाऊक नसेल, तर दोघांनी मिळून नगरपालिकेत जाऊन ते मिळवावे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला मोठा भाग त्या एका खेपेत शिकून होईल.

माझ्या दारात आता दोन बादल्या आणि एक छोटा डबा असतो. त्याच बाई अजून येतात. पहिले काही महिने त्या बादलीत डोकावून, हात घालून पाहत असत. एके दिवशी त्यांनी न पाहताच ती गाडीत रिती केली आणि पुढच्या दाराकडे वळल्या. शिक्षक म्हणून मिळालेल्या कोणत्याही शेऱ्यापेक्षा मला तो शेरा मोलाचा वाटतो.